घराशेजारी स्वतःच्या हाताने विटांचं गॅरेज बांधायचंय: भिंत घराला जोडू की सुटी ठेवू?

चाकोरी
नमस्कार मंडळी. घराच्या डाव्या अंगाला १३.५ फूट रुंद आणि २२ फूट लांब अशी पट्टी रिकामी पडून आहे. गाडी बारा महिने उघड्यावर. रंग उडालाय, वायपरचं रबर करपतंय आणि पक्ष्यांबद्दल मी काही बोलत नाही. तिथे पक्कं विटांचं गॅरेज बांधायचं मनात आहे, तेही स्वतः. अनुभव म्हणाल तर बागेची कंबरभर उंचीची भिंत, एक ओटा आणि एक बाक. तिन्ही अजून उभे आहेत.

बेत असा: घराची भिंत आयती आहेच, त्यामुळे नवीन बांधायच्या फक्त तीन बाजू. साडेचार इंची भिंत, वर स्लॅब, म्हणजे पुढेमागे गच्ची वापरता येईल. समोर शटर. सुट्टीच्या दिवसांत काम करणार, मदतीला मेहुणा. परवानगीचे कागद वेगळे चालू आहेत, त्यावर इथे नको बोलायला.

प्रश्न एकच: नवी भिंत जुन्या भिंतीला कशी जोडू? जुन्यातल्या एकाआड एक विटा फोडून दाते काढावेत असं एका गवंड्याने सांगितलं. हजारभर विटा सांगून ठेवाव्यात म्हणतोय. पुरतील ना?

टिकाव
गाड्या दुरुस्तीचा धंदा काढताय का?

चाकोरी
नाही हो, स्वतःची गाडी ठेवायला.

टिकाव
मग गॅरेज म्हणू नका, घाबरायला होतं. आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे गाडी आत जाते आणि "संध्याकाळी या" असं ऐकून माणूस बाहेर येतो.

पाणसळ
मूळ प्रश्नाचं उत्तर: जोडूच नका.

तुमचं घर बांधून बरीच वर्षं झाली असतील. त्याच्या वजनाखाली जमीन जेवढी दबायची तेवढी दबली. नवीन गॅरेजखालची जमीन अजून दबायची आहे. दोन्ही भिंती दात्यांनी एकमेकींत अडकवल्या की नवी खाली जायला बघते आणि जुनी तिला धरून ठेवते. मग दोघींपैकी जी कमजोर तिच्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी भेग जाते. बरेचदा ती कमजोर बाजू जुनीच निघते, म्हणजे गॅरेजच्या नादात घराची भिंत गेली.

दोन्हींत इंचभर फट ठेवा. फटीत दबणारा फोम बोर्ड आणि तोंडाशी लवचीक सीलंट. सिमेंटने बुजवलीत तर फट ठेवून उपयोग शून्य. वरून पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची वाकवलेली पट्टी घराच्या भिंतीत खाच मारून बसवा आणि गॅरेजवर ती नुसती टेकू द्या, ठोकू नका. दोघं आपापल्या मनाने हलू देत.

बिगारी_क्र_१
पूर्ण असहमत. मी ११ वर्षांपूर्वी दाते काढूनच जोडलंय. एक भेग नाही. पुस्तकी बोलणं सोपं असतं.

पाणसळ
खाली काय लागलं होतं तुम्हाला?

बिगारी_क्र_१
दोन फुटांवर खडक.

पाणसळ
खडकावर वाट्टेल ते जोडा. दबायला तिथे आहे काय? चाकोरींच्या पट्टीत खाली काय आहे ते त्यांनाही माहीत नाही. ओल आली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी चिकणमाती निघाली तर तुमचे दाते एका वर्षात दुखायला लागतील. हलकं घ्या.

निवांत
मी निकाल आधीच सांगून ठेवतो. गॅरेज होईल, सुंदर होईल, आणि गाडी बाहेर उभी राहील. माझ्या गॅरेजात आत्ता एक मोडकी शिडी, चालण्याचं मशीन, तीन गाद्या, रंगाचे अर्धे डबे आणि कोणाचं आहे हे कोणीच सांगत नाही असं एक कपाट आहे. गाडीला आत जायचं तर अपॉइंटमेंट लागेल.

जास्वंद
:)) आमच्याकडेही तेच, फक्त गाद्या पाच.

अर्धी_वीट
विटांचा हिशोब कोणीच केलेला दिसत नाही. करू या.

घराकडची बाजू सोडली तरी लांब भिंत २२ फूट आणि मागची १३.५ फूट, म्हणजे सुमारे १०.८ मीटर. उंची ९ फूट धरली तर साधारण २९ चौरस मीटर. नेहमीची ९ × ४.५ × ३ इंची वीट आणि १ सेंटिमीटर सांधा धरला तर साडेचार इंची भिंतीला चौरस मीटरला ४९ विटा लागतात, नऊ इंचीला ९८. म्हणजे साडेचारीला सव्वाचौदाशेच्या आसपास, नऊ इंचीला २८५०. त्यात शटरच्या दोन बाजू, खांब आणि फुटतूट. हजार विटांत नऊ इंची भिंत जेमतेम कमरेपर्यंत येईल. तेवढा तुमचा अनुभव आहेच म्हणा.

आता गंमत बघा. एक वीट तीन किलोची. तीन हजार विटा म्हणजे नऊ टन. प्रत्येक वीट तुमच्या हातातून किमान तीनदा जाते: रचताना, भिजवताना, लावताना. सत्तावीस टन उचललं तुम्ही आणि मेहुण्याने. सिमेंट-वाळूचा माल वेगळा. स्वतः माल कालवून स्वतः लावणारा हौशी माणूस दिवसाला दीडशे विटा लावतो, तेही पाठ साथ देत असेल तर. म्हणजे नुसत्या भिंतींना वीस दिवस. सुट्टीच्या हिशोबात दहा आठवडे, आणि त्यात एकही लग्नकार्य नाही असं धरून.

चाकोरी
मेहुण्याला हा प्रतिसाद दाखवणार नाही.

साडेचारी की नऊ इंची? मी तर साडेचारी धरून बसलो होतो.

अर्धी_वीट
पडदा म्हणून साडेचारी चालते, पण नुसती २२ फूट लांब आणि ९ फूट उंच साडेचार इंची भिंत म्हणजे उभा केलेला पत्ता. दर सात-आठ फुटांवर नऊ इंची खांब बांधून तिला आधार द्यावा लागतो, आणि ते खांब भिंतीबरोबरच, सांध्यावर सांधा येऊ न देता वर न्यायचे, नंतर चिकटवायचे नाहीत. वर स्लॅब टाकणार असाल तर साडेचारी विसरा. शटरच्या दोन्ही बाजूंना तर काहीही असो, नऊ इंची आणि निदान दीड फूट रुंद हवं. शटर रोज तिथेच हिसके देणार.

सिमेंट-वाळूचं प्रमाण नऊ इंचीला एकास सहा, साडेचारीला एकास चार.

रिकामी_गोणी
विटा कशाला, एएसी ब्लॉक घ्या, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे. दोन फूट लांब, आठ इंच उंच, एक ब्लॉक सहा विटांचं काम करतो आणि सहा इंची जाडीला वजन जेमतेम अकरा-बारा किलो. स्वतः बांधणाऱ्याला याहून सोपं काही नाही. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली वस्तू आहे, नवखी नाही.

बिगारी_क्र_१
त्यात खिळा ठोकून बघा. गॅरेजात माणूस भिंतीवर फळ्या, अवजारं, सायकल टांगतो. ब्लॉकमध्ये साधा स्क्रू दोन महिन्यांत हलायला लागतो.

रिकामी_गोणी
त्यासाठी वेगळे प्लग मिळतात. आणि गाडीचा बंपर लागला तर वीट तरी कुठे टिकते?

बिगारी_क्र_१
वीट टिकते. बंपर टिकत नाही.

रिकामी_गोणी
एक मात्र ध्यानात ठेवा: ब्लॉक विटांसारखे हौदात बुडवायचे नाहीत. वरून पाणी शिंपडून पृष्ठभाग ओला केला की पुरे. आणि जमिनीलगतचे पहिले रद्दे (आडवे थर) विटांचे किंवा काँक्रीटचे ठेवा, तळाला सतत ओल राहिली तर ब्लॉक पाणी पीत बसतात.

खुंटी
चुन्यात बांधा, चुन्यात. शेकडो वर्षांच्या इमारती चुन्यात उभ्या आहेत. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४चं, जोसेफ अ‍ॅस्पडिनचं. त्याआधी काय लोक झाडाखाली राहत होते?

अर्धी_वीट
खुंटी, चुना उत्तमच. लवचीक असतो, बारीक भेगा स्वतःच भरून काढतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याकडे तेवढंच नसतं. चुन्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

सिव्हिलवाला
उशिरा आलोय, पण वर एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती भिंतीपेक्षा मोठी आहे: पाया.

घराला लागून चर खणताना घराचा पाया किती खोल आहे ते आधी बघा. कोपऱ्यापासून जरा दूर एकच छोटा खड्डा घ्या, दोन बाय दोन फुटांचा, घराच्या पायाचा तळ दिसेपर्यंत. नवा चर घराला चिकटून असेल तर त्या तळाच्या खाली जायचं नाही. खाली जाणं भागच असेल तर बाजूला सरका. ढोबळ नियम असा की घराच्या पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशात खाली तिरकी रेघ ओढली, तर तुमचं खोदकाम त्या रेघेच्या वरच राहिलं पाहिजे. त्या रेघेखालची माती घराला पेलतेय, ती तुमची नाही.

आणि घरालगत पूर्ण २२ फुटांचा चर एका दमात उघडायचा नाही. तीन-चार फुटांचे तुकडे, एकाआड एक. एक खणा, भरा, मग पुढचा.

चिंचपान
सिव्हिलवाला म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या नात्यात एकाने घराला लागून खोलीसाठी लांबच्या लांब चर खणला आणि "पुढच्या रविवारी भरू" म्हणून उघडा ठेवला. मध्ये दोन दिवस पाऊस लागला. चरात पाणी साचलं, घराकडची माती ढासळली. स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग गेली, एवढी की त्यात नाणं उभं राहायचं. दोष कोणाला देणार? स्वतःच खणला होता.

तेव्हा सुट्टी-सुट्टीचं काम भिंतीला चालेल, पायाला नाही. पायासाठी सलग रजा काढा, कोरडे दिवस बघून.

चाकोरी
हे वाचून झोप उडाली. खड्डा घेतो. रजा पण टाकतो.

मग घराकडच्या बाजूला वेगळी चौथी भिंत बांधायची म्हणजे आतली जागा किती उरणार? साडेतेरातून दोन नऊ इंची भिंती गेल्या की बारा फूट.

सिव्हिलवाला
चौथी भिंत कोणी सांगितली? घराकडे फक्त तीन आरसीसी खांब उभे करा, ९ × ९ इंची, घरापासून इंचभर सुटे, वर एक तुळई. छताचं वजन तुळईतून खांबांवर जाईल, घराची भिंत नुसता पडदा. तिच्यावर काहीही टेकवायचं नाही, एक पाइपसुद्धा नाही. पायाला तीन खड्डे पुरतात, लांब चर खणायचाच नाही, आणि चिंचपान यांची भीती बऱ्यापैकी मिटते. लोखंड किती, खांबाखालचा पाया केवढा, हे मात्र माती बघून एखाद्या इंजिनिअरकडून कागदावर घ्या. बाकी सगळं स्वतः करा. हे एवढं करू नका.

आता स्लॅबबद्दल. १३.५ × २२ फूट, पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे ३.५ घनमीटर काँक्रीट, साडेआठ टन. २६-२७ गोणी सिमेंट, आणि ते सगळं एका दिवसात, न थांबता टाकायचं. मध्ये थांबून उद्या पुढे चालू केलं की तिथेच सांधा पडतो आणि तिथूनच गळतं. तुम्ही आणि मेहुणा मिळून हे होणार नाही. पत्रे आणि त्याखालचं लोखंड मिळून अर्धा टनही भरणार नाही. गच्ची खरंच हवी आहे का, की बेतात आली म्हणून आली?

चाकोरी
खरं सांगू? बेतात आली म्हणून आली. घराला गच्ची आहेच.

पाणसळ
मग पत्रे. पण हलकं म्हणजे निर्धास्त नव्हे. स्लॅब स्वतःच्या वजनाने बसून राहतो, पत्र्याला वारा उचलतो. शटर उघडं असताना वारा आत भरतो आणि खालून ढकलतो, त्याच वेळी वरून ओढतो. म्हणून पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या भिंतीच्या शेवटच्या रद्द्यात नुसत्या खोचायच्या नाहीत. भिंतीच्या डोक्यावर सगळीकडून काँक्रीटचा पट्टा फिरवा, त्यात बोल्ट गाडा आणि पट्ट्या त्यांना आवळा. शटरच्या वरच्या पातळीलाही असाच पट्टा फिरला तर भूकंपात भिंती एकमेकींना धरून राहतात.

उतार घराकडे चुकूनही नको. समोर उंच, मागे कमी, पन्हाळ मागे. समोर उंची लागतेच, शटरची गुंडाळी दाराच्या वर दीडेक फूट जागा खाते. लोक सात फुटांचं दार धरून आठ फुटांची भिंत बांधतात आणि मग शटरवाला येऊन डोकं खाजवतो.

जास्वंद
सगळे बांधकामावर बोलताय. मला एक विचारायचंय. चाकोरी, त्या बाजूच्या घराच्या भिंतीत खिडकी आहे का?

चाकोरी
आहे. मागच्या बेडरूमची.

जास्वंद
आणि ती गॅरेजच्या आत उघडणार?

चाकोरी
...हो.

बिगारी_क्र_१
अहो हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं ना!

जास्वंद
मग ती खिडकी कायमची बुजवायची, विटा-गिलाव्याने, नाहीतर गॅरेज तिच्या अलीकडे संपवायचं. मधला मार्ग नाही. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी नुसतं डोकं दुखल्यासारखं होतं, झोप येते, आणि बेडरूममध्ये झोप आली तर कोणाला काही वेगळं वाटत नाही. इंजिन थंड असताना, म्हणजे नेमकं सकाळी गाडी सुरू करताना, हा धूर सर्वात जास्त असतो, कारण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तेव्हा तापलेला नसतो. शटर उघडं आहे म्हणून गाडी आत चालू ठेवणं हेही नको.

तोच न्याय घरातून गॅरेजात उघडणाऱ्या दाराला. लागतंच असेल तर बैठकीकडून किंवा पॅसेजमधून, घट्ट बसणारं, आपोआप बंद होणारं. बेडरूममधून कधीच नाही.

सिव्हिलवाला
+१. यात भर: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. म्हणून जाळ्या दोन जागी, एक जमिनीजवळ आणि एक छताजवळ, समोरासमोरच्या भिंतींत. विजेचे प्लग जमिनीपासून दीड फूट तरी वर. आणि गॅरेजची जमीन घराच्या जमिनीपेक्षा निदान चार इंच खाली.

निवांत
मी गंमत करत होतो, पण हे वाचून आत्ता उठून आमच्या गॅरेजची खालची जाळी बघून आलो. तिच्यापुढे गाद्या आहेत.

जास्वंद
काढा त्या.

निवांत
काढल्या. आता हॉलमध्ये आहेत. हॉलमधून विचारणा सुरू आहे.

फाटक
अवांतर: खालून काय जातंय तेही बघा. पाण्याची लाइन, सांडपाण्याचं चेंबर, जमिनीतली टाकी. माझ्या ओळखीत एकाने चेंबरवरच फरशी ओतली. तीन वर्षांनी लाइन तुंबली तेव्हा झाकण कुठे होतं ते आठवायला सगळं घर जमलं. शेवटी गॅरेजच्या मधोमध खड्डा. जमिनीतल्या टाकीचं झाकण माणसाच्या वजनासाठी असतं, गाडीच्या नाही.

बिगारी_क्र_१
जमिनीबद्दल माझंही ऐका, निदान यात तरी पाणसळ वाद घालणार नाहीत. भराव एकदम ओतून वरून धुमस (माती ठोकायची ठोकणी) मारला तर वरचे सहा इंच घट्ट होतात आणि खाली सगळं भुसभुशीत. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी आणि धुमस. मग दगडांचं सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, वर चार-पाच इंच काँक्रीट. काँक्रीट भिंतीला चिकटू देऊ नका, मध्ये पातळ पट्टी ठेवा. उतार दाराकडे, ८० इंचाला एक इंच. वीस फुटांत तीन इंच. गाडीबरोबर आत आलेलं पावसाचं पाणी आपल्या पायाने बाहेर जातं.

पाणसळ
वाद नाही. शब्दशः सहमत. तारीख लिहून ठेवतो.

चिंचपान
रॅम्पचा चढ आठास एकपेक्षा उभा नको, नाहीतर वरच्या टोकाला गाडीचं पोट घासतं. रुंदीबद्दल एक फुकटचा उपाय: कागद बाजूला ठेवा. पट्टीवर खुंट्या ठोका, जमिनीपासून फूटभर वर दोरी बांधा, जिथे भिंत येणार तिथे सुट्या विटा मांडा. कोपरा काटकोनात आहे का ते ३-४-५ने तपासा: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरकं बरोबर पाच आलं पाहिजे. मग आठवडाभर गाडी त्या दोरीच्या आत लावा. रात्री, पावसात, हातात पिशव्या असताना. आरशांसकट गाडी दोन मीटरच्या आसपास भरते, दार उघडून माणूस बाहेर पडायला वर अडीच फूट तरी लागतात. आठ फुटांच्या दारातून गाडी जाते, पण नऊ फुटांच्या दारातून नवरा-बायको दोघंही न भांडता गाडी नेतात.

रिकामी_गोणी
आणि जमीन ओतायच्या आधी एक रिकामा पाइप मीटरपासून गॅरेजपर्यंत टाकून ठेवा. आज पेट्रोलची गाडी असेल, पुढची चार्जिंगची असेल. त्याला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की बंद पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग लागतं. पाइप असला की वायर कधीही ओढता येते.

अर्धी_वीट
वेळ मिळालाय म्हणून हाताच्या कामाच्या चार गोष्टी. विटा बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि माल नुसती वाळू होऊन राहतो. विटेच्या एका अंगाला असलेला खळगा वर ठेवून लावा. आधी दोन्ही कोपरे चार रद्दे चढवा, मग दोरी ताणून मधलं भरा. दर रद्द्याला ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायची वजनाची दोरी), कंटाळा आला तरी. एका दिवसात चार फुटांपेक्षा वर जाऊ नका, खालचा ओला माल दबून बाहेर येतो. माल जेवढा तासाभरात संपेल तेवढाच कालवा. घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो जिवंत होत नाही. आणि आठवडाभर तरी रोज पाणी मारा. आठवडाभर म्हणजे सोमवार ते शुक्रवारही. सुट्टीच्या गवंड्याची भिंत नेमकी इथे मार खाते.

खुंटी
चुन्याचा धागा काढलाय.

चाकोरी
धागा वर काढतोय. दीड महिना झाला, जे झालं ते लिहितो.

खड्डा घेतला. घराचा पाया साडेतीन फुटांवर संपतो, खाली मुरूम. फाटक यांच्यामुळे पट्टीभर लोखंडी सळई टोचत फिरलो, तर मागच्या कोपऱ्यापासून अडीच फुटांवर चेंबर सापडलं. मातीखाली होतं, वडिलांनाही आठवत नव्हतं. आता गॅरेज १९ फुटांवर संपवतोय, चेंबर बाहेर मोकळं. गाडी चार मीटरच्या आतली आहे, तेवढं पुरतं. बेडरूमची खिडकीही त्या मागच्या तीन फुटांत येईल असं वाटत होतं, पण टेप लावल्यावर निम्मी आत, निम्मी बाहेर. ती बुजवली. मागच्या भिंतीत नवी काढली, उजेड पूर्वीपेक्षा बरा आहे.

स्लॅब रद्द, पत्रे. घराकडे तीन सुटे खांब, इंजिनिअरने कागद दिलाय. बाहेरची आणि मागची भिंत नऊ इंची. विटा पावणेतीन हजार सांगितल्यात. पायासाठी सलग नऊ दिवस रजा घेतली, खांबांचे खड्डे एकेक करून खणले आणि भरले. दोरी बांधून गाडी लावून पाहिली तेव्हा ड्रायव्हरचं दार पहिल्याच दिवशी विटेला लागलं, म्हणून शटर मधोमध न ठेवता घराकडे फूटभर सरकवलं. जोत्यापर्यंत काम आलंय.

पाणसळ
फट ठेवलीत?

चाकोरी
इंचभर. मेहुणा ती सिमेंटने भरायला निघाला होता, हातातून थापी काढून घेतली.

बिगारी_क्र_१
छान चाललंय. फोटो टाका. आणि मी माझ्या भिंतीला परवा बॅटरी लावून बघितलं, एका कोपऱ्यात केसाएवढी काहीतरी रेघ आहे. गिलाव्याची असावी.

पाणसळ
असेल, गिलाव्याचीच असेल.

निवांत
चाकोरी, एक विचारतो, रागावू नका. भिंती अजून जोत्यावर आहेत. आत्ता दोरीच्या आत काय आहे?

चाकोरी
दोन सायकली, कुंड्या, जुना पंखा आणि सासऱ्यांनी "तात्पुरतं" म्हणून ठेवलेलं एक कपाट.

गाडी बाहेर आहे.